नागपुरातलं कृषी प्रदर्शन आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कृषी प्रदर्शनांचा हंगाम थंडीचा. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर असते, आंबिया बहाराचा संत्रा कळमन्याच्या बाजारात उतरत असतो, आणि शेतकऱ्याला एखादा दिवस काढून शहरात यायला सवड मिळते. याच दिवसांत आयोजक, स्टॉलधारक, बचत गटाच्या ताई आणि कृषी महाविद्यालयाचे स्वयंसेवक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आमचा कल आधीच सांगून टाकतो: प्रदर्शनातलं पर्यावरणाचं काम उद्घाटनाच्या मंचावर होत नाही, स्टॉलच्या करारनाम्यात होतं. तिथे जे लिहिलेलं नाही ते मैदानावर कोणी करत नाही.

मग करारनाम्यात नेमकं काय लिहायचं?

थर्माकोलची अक्षरं आणि सजावट नाही. फ्लेक्स लावलाच तर त्यावर तारीख आणि वर्ष छापायचं नाही, म्हणजे तो पुढच्या वर्षी कामी येतो. आणलेली खोकी, पट्ट्या, गुंडाळायचं प्लास्टिक स्टॉलधारकानेच परत न्यायचं. खाद्यपदार्थाच्या स्टॉलवर भांडी कोणती वापरायची ते नावानिशी लिहायचं. "पर्यावरणपूरक भांडी" असं मोघम लिहिलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. आणि भाड्यासोबत वेगळी अनामत घ्यायची, जी जागा स्वच्छ करून दिल्यावरच परत मिळेल. या शेवटच्या अटीला जी ताकद आहे ती दहा सूचनाफलकांना नाही.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं: कार्पेट. स्टॉलमध्ये अंथरलेलं ते पातळ हिरवं किंवा लाल कार्पेट कापडासारखं दिसतं, पण असतं प्लास्टिकच्या धाग्याचं. चार-पाच दिवस धूळ आणि चिखलाचे पाय झेलून ते फाटतं, आणि शेवटच्या रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतील एवढे गुंडाळे बाहेर निघतात. बिछायत केंद्राकडे, म्हणजे लग्नकार्याला सामान भाड्याने देणाऱ्या दुकानाकडे, जाड सतरंज्या असतात, त्या मागा. मशिनरीच्या स्टॉलला तर खाली काहीच लागत नाही. रोटाव्हेटर कार्पेटवर ठेवून कोणाचं काय भलं होतं, हे आम्हाला आजवर उमगलेलं नाही.

कायद्याने काय बंधनकारक आहे?

थोडक्यात सांगायचं तर तीन गोष्टी. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि प्लास्टिक-थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटवाट्यांवर बंदी आणली. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. त्यावर १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली. तीत प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या काड्या, झेंडे, मिठाईच्या डब्यावरचं पातळ आवरण आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर येतात. म्हणजे संत्राबर्फीच्या डब्यावरची ती चकचकीत फिल्मसुद्धा.

दुसरी गोष्ट, २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवण्याची आणि कचरा जागीच वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकावर टाकली. मैदान शहरात असेल तर महानगरपालिका, हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीकडे गाडी नसेल तर ती व्यवस्थाही तुमचीच, हे गृहीत धरून चाला.

तिसरी गोष्ट भोंग्यांची. रात्री १० ते सकाळी ६ बंद. जनावरांच्या दालनाशेजारी तर दिवसाही आवाज कमीच ठेवा. मुक्कामी आणलेली दुभती गाय दूध चोरते, तिचा मालक चिडतो आणि त्याचं चिडणं रास्तच असतं.

कागदी कप आणि कागदी प्लेट चालतात ना?

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम चहात कागद विरघळला असता. तो कप खतात कुजत नाही आणि कबाडीवालाही घेत नाही. "बायोडिग्रेडेबल" लिहिलेल्या मालाचंही तसंच. "कंपोस्टेबल" म्हणून विकत असतील तर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर तो नुसता छापील शब्द.

आपल्याकडे याला जुनाच आणि सोपा पर्याय आहे. विदर्भात पळस आहे, मोह आहे, पत्रावळी आणि द्रोण लावणारे हात आहेत. फक्त पदार्थ पाहून भांडं निवडायचं. तर्री पोह्याचंच बघा. सकाळी आठला थंडीत लोक तर्रीवरच तुटून पडतात. ती वरून ओतली की तेल खाली उतरतं आणि एका थराच्या द्रोणातून मनगटावर ओघळतं. मग माणूस दुसरा द्रोण मागतो, तिसरा मागतो, शेवटी स्टॉलवाला कंटाळून लपवलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा बाहेर काढतो. म्हणून तर्री पोहे, सावजी रस्सा, पाटोडी रस्सा यांना स्टीलच्या ताटल्या-वाट्या. झुणका-भाकर, वडे, भजी यांना पानं. चहाला काचेचे ग्लास. नागपुरातलं कुठलंही बिछायत केंद्र हजारोंच्या हिशेबात स्टीलची भांडी देतं, लग्नांच्या तारखा तेवढ्या सांभाळून आगाऊ सांगावं लागतं.

भांडी धुवायची कुठे? पाणी कुठे जाणार?

सगळ्या स्टॉलांना मिळून एकच धुण्याची जागा ठेवा. आधी उष्टं खरवडायचा ड्रम, मग साबणाचं टाकं, मग दोन वेळा स्वच्छ पाणी. धुणाऱ्या बायांना बसायला उंच पाट आणि रबरी हातमोजे द्या. थंडीच्या दिवसांत दिवसभर पाण्यात हात घालणं काय असतं ते त्यांनाच विचारा.

शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेतच नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत खड्डा शोषतो, संध्याकाळी डबकं होतं, दुसऱ्या दिवशी डास आणि वास. जाळीतून गाळून पाणी टाकीत जमवा, वर आलेलं तेल काढून घ्या आणि टँकरने मलनिस्सारण केंद्राकडे पाठवा. बाजूच्या नाल्यात सोडणं सगळ्यात सोपं असतं, पण शहरातला नाला शेवटी नाग, पिवळी किंवा पोहरा नदीतच जातो.

पाण्याच्या बाटल्या बंद करता येतील का?

विक्री पूर्ण बंद करणं अवघड आहे, गरज कमी करणं सोपं. प्रवेशद्वारापाशी, जेवणाच्या जागी आणि प्रात्यक्षिकांच्या शेताजवळ नळ लावलेल्या टाक्या आणि माठ ठेवा. आणि बाटलीबंद पाणी पाहुण्यांच्या टेबलावरून आधी हटवा. मंचावर मान्यवरांपुढे बाटल्यांची रांग आणि खाली शेतकऱ्याला प्लास्टिकमुक्तीचं व्याख्यान, हे चित्र फार वाईट दिसतं.

संत्र्याच्या सालींचं काय करावं?

नागपूर म्हटल्यावर साली निघणारच, आणि रसाच्या स्टॉलवर त्यांचा ढीग लागतो. गांडूळखताच्या वाफ्यात त्या थेट टाकू नका. आंबटपणा आणि सालीतलं तेल गांडुळांना मानवत नाही, ती वाफा सोडून जातात. साली वेगळ्या जमवा, शेणात मिसळून साध्या कंपोस्टच्या ढिगात पातळ थराने टाका. बचत गट वाळवून भुकटी करणार असेल तर त्यांना ताजी, न मळलेली साल रोज ठरल्या वेळी मिळाली पाहिजे. उष्ट्यात मिसळली की तिची किंमत गेली.

जनावरांच्या दालनातलं शेण-मूत?

इथे हात आखडता घेऊ नका, कारण अख्ख्या प्रदर्शनात शेतकऱ्याला सगळ्यात जवळचं वाटणारं प्रात्यक्षिक हेच. मोठं जनावर दिवसाला १० किलो तरी शेण देतं. गवळाऊ गायी, बैलजोड्या, म्हशी धरून १०० जनावरं असली तर रोजचा एक टन झाला. हा टन कचऱ्याच्या गाडीत गेला तर आपण कृषी प्रदर्शन भरवलं असं म्हणायला तोंड राहत नाही.

दालनाशेजारीच नाडेपचा हौद बांधा. ही पद्धत आपल्याच भागातली, पुसदच्या पांढरीपांडे यांची; लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. विटांचा हौद, आत साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी जाळीसारखी छिद्रं. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर देत भरत जायचं आणि वरून लिंपून घ्यायचं. खत व्हायला तीन-चार महिने लागतात, म्हणून एक हौद रोज लोकांदेखत भरा आणि दुसरा आधीच भरून तयार ठेवा, म्हणजे लोकांना पिकलेलं खत हातात घेऊन हुंगता येईल. वास येत नाही हे सांगून पटत नाही. हुंगल्यावर पटतं.

जनावरांखाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला काडीकचरा, अंथरा. ते मूत शोषतं आणि मग थेट हौदात जातं. मात्र कुटाराची गंजी विजेच्या तारांपासून आणि सावजीच्या भट्ट्यांपासून लांब ठेवा. उरलेल्या गोमूत्र-शेणातून जीवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं आंबवलेलं द्रावण, करून दाखवा: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवायचा आणि रोज काठीने ढवळायचा. काठी पोरांच्या हातात द्या.

कचऱ्याचे डबे किती ठेवायचे?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. लोक जिथे खाणं संपवतात तिथे डबा हवा, आणि ती जागा स्टॉलपासून तीस-चाळीस पावलांवर असते. ओला आणि कोरडा हे दोन्ही डबे शेजारी-शेजारी ठेवा. एकटा ठेवलेला डबा कोणत्याही रंगाचा असो, त्यात सगळंच पडतं. डब्यापाशी एक स्वयंसेवक उभा करा, ओरडायला नाही, दाखवायला. "हे इकडे टाका जी" एवढं पुरतं.

कबाडी व्यवसायातल्या माणसांशी आधीच बोलून ठेवा. पुठ्ठा, बाटल्या आणि लोखंडी पट्ट्या ते रोज संध्याकाळी उचलतात, वर पैसे देतात. ज्याला कोणीच विचारणार नाही एवढंच भांडेवाडीच्या कचरा डेपोला जावं.

वीज डिझेलच्या जनरेटरवर घ्यावी की जोडणीवर?

महावितरणची तात्पुरती जोडणी आधी, जनरेटर फक्त आणीबाणीला. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. धूर आणि आवाज वेगळाच. अर्ज उशिरा केला की मग जनरेटरशिवाय इलाज राहत नाही, आणि बहुतेक ठिकाणी हेच घडतं. सौर पॅनेलवाले स्टॉल लावणारच असतात. त्यांना सांगा, तुमचा स्टॉल तुमच्याच पॅनेलवर चालवून दाखवा. काही जण टाळतील. त्यावरूनही बरंच कळतं.

धूळ उडते म्हणून टँकरने पाणी मारतात. ते बरोबर आहे का?

धूळ बसवायला हवीच, पण पेंच धरणातून आलेलं पिण्याचं पाणी त्यासाठी नको. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरतं, तर मैदानाला का पुरू नये? टँकरची मागणी करताना तसं स्पष्ट लिहा. रहदारीच्या रस्त्यांवर कुटार किंवा भुसा अंथरला तर पाणी मारायच्या फेऱ्याही कमी होतात.

येणाऱ्यांना रोपं वाटली तर चांगलं नाही का?

आमचं मत विचाराल तर नाही. डिसेंबरात दिलेलं रोप लावायला शेतकऱ्याकडे ओल नसते, पुढे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बसच्या टपावर मुडपलेलं रोप घरी पोहोचलं तरी उन्हाळा काढत नाही, आणि काळी पिशवी तेवढी मागे राहते. द्यायचंच असेल तर गावाचं नाव नोंदवून घ्या आणि मृगाच्या पावसानंतर रोपं गावात पोहोचवा. तेवढी तयारी नसेल तर निंबोळ्या गोळा करायची पिशवी आणि पाच टक्के निंबोळी अर्काची कृती छापलेला कागद द्या. तो कोठ्याच्या भिंतीला चिकटतो आणि वर्षानुवर्षं राहतो.

पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) जाळू नका, असं सांगून कोणी ऐकतं का?

नुसतं सांगून नाही ऐकत. का ऐकावं? शेत मोकळं करायचं असतं, मजूर मिळत नाहीत, काडीपेटी खिशात असते. हेक्टरी २ ते ३ टन पऱ्हाटी निघते, ती उपटून वाहून नेणं म्हणजे खिशातून पैसे घालणं. म्हणून प्रात्यक्षिकाच्या शेतात खरी पऱ्हाटी उभी ठेवा आणि ट्रॅक्टरचलित श्रेडर त्यावरून चालवा. पहिली ओळ झाली की लोक वाकून तुकडे उचलतात, बोटभर आहेत की हातभर ते बघतात, मग चालकाला तीन गोष्टी विचारतात: तासाला डिझेल किती, पातं किती दिवसांनी बदलावं लागतं, आणि ओल्या पऱ्हाटीत अडकतं का. या तिन्हींची उत्तरं कंपनीच्या माणसाने नाही, ते यंत्र भाड्याने चालवणाऱ्या शेतकऱ्याने द्यावीत.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट इथेच सांगा. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेल्या जादा कापसाच्या, मोहाने पऱ्हाटी उभी राहिली की उरलेल्या बोंडांत अळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात परत भेटते. वेळेवर शेत मोकळं करणं हे पर्यावरणासाठी नंतर, स्वतःच्या कापसासाठी आधी. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथल्या इथे आहे, त्यांचा माणूस शेतात उभा करा, मंचावर नको. पऱ्हाटीपासून पेलेट, ब्रिकेट, पार्टिकल बोर्ड होतात, त्यावर धिंगरी अळिंबीही घेता येते. पण गावाजवळ घेणारा कोण आहे, हे सांगता आलं तरच ती माहिती कामाची.

कीटकनाशक कंपन्यांना स्टॉल द्यावा का?

द्यावा, अटी घालून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विदर्भात बसून विसरायचं नाही. प्रत्येक स्टॉलवर डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग समजावून सांगावेत: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मास्क, हातमोजे, चष्मा घालून दाखवावा, आणि आपल्या उन्हात तो पेहराव किती वेळ सहन होतो हेही खरं सांगावं. रिकामा डबा तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि मग डब्याला भोकं पाडायची, हे करून दाखवायला दोन मिनिटं लागतात. ज्या घरात असा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरतात, तिथे ती दोन मिनिटं फार मोलाची.

सौर पंप म्हणजे पर्यावरणपूरक शेती, असं म्हणता येईल ना?

अर्धं खरं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरावा लागतो, त्यामुळे या स्टॉलवर गर्दी राहणारच. दिवसा पाणी देता येतं, रात्री सापा-विंचवात मोटर चालू करायला जावं लागत नाही. पण ऊन फुकट म्हणून उपसाही फुकट वाटायला लागतो. वरुडसारख्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेले आहेत ते तिथल्या कोणालाही विचारा. म्हणून सौर पंपाच्या शेजारचा स्टॉल ठिबकवाल्याला द्या आणि त्याच्या पुढचा भूजल पुनर्भरणाला. सोयाबीनच्या दालनात रुंद वरंबा सरी यंत्र हवंच. जास्त पाऊस झाला तर सरीतून निघून जातो, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते.

"सेंद्रिय" लिहिलेला माल खरा कसा ओळखायचा?

प्रमाणपत्र पाहून. पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करायची पद्धत) किंवा एनपीओपी (त्रयस्थ संस्थेकडून तपासणी) यांचा क्रमांक आणि पाकिटावर "जैविक भारत"चं चिन्ह. ज्यांच्याकडे नाही त्यांना हाकलू नका, पण फलकावर "सेंद्रिय" ऐवजी "रसायनं न वापरता पिकवलेलं, शेतकऱ्याचं सांगणं" असं लिहायला सांगा.

बाहेरगावच्या शेतकऱ्यांनी कसं यावं?

गणेशपेठच्या एसटी स्थानकावर उतरलं की कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन जवळच आहे. तिथून लोकमान्य नगरच्या दिशेने थेट, आणि सीताबर्डीला गाडी बदलून खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेने जाता येतं. शेवटच्या टप्प्याला ई-रिक्षा ठरवून ठेवणं आयोजकाचं काम. गावाने मिळून एक गाडी केली तर त्यांना पार्किंग मैदानाला लागून द्या आणि एकेकट्या कारला लांब. मान्यवरांच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

या सगळ्याने खर्च वाढतो का?

भांडी धुण्याची मजुरी आणि स्वयंसेवकांचं जेवण वाढतं. डिझेल, कार्पेट, फ्लेक्स आणि कचरा वाहतूक कमी होते. दोन्ही रकाने मांडा आणि वजनही मांडा: रोज संध्याकाळी ओला, कोरडा, कबाडात गेलेला आणि भांडेवाडीला गेलेला कचरा काट्यावर घ्या. इलेक्ट्रॉनिक काटेवाल्यांचा स्टॉल असतोच, ते आनंदाने काटा देतात. आकडे रोज फलकावर लिहा, वाईट आले तरी.

अनामत परत कधी द्यायची?

मैदानाच्या देखरेखीचा माणूस, तुमचा माणूस आणि स्टॉलधारक असे तिघं उजेडात जागा बघून आल्यावर. रात्री नाही. रात्री खिळे, तारेचे तुकडे आणि केबल बांधायच्या प्लास्टिक पट्ट्या दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिथे गुरं चरायला येतात. जागा साफ असेल तर पूर्ण रक्कम तिथल्या तिथे द्या. नसेल तर सफाई कामगारांना जादा मजुरी त्यातून द्या आणि पावती स्टॉलधारकाच्या हातात ठेवा.